मंदिरातल्या घंटेवर क्रॉस कसा? घंटा गेलेल्या वसईच्या चर्चचं पुढे काय झालं?

नाशिकला पंचवटीत गोदावरीच्या काठावर नारोशंकराचं मंदिर आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर मधोमध एक मोठी घंटा टांगलेली दिसते. पावसाळ्यातल्या पुराच्या बातम्यांत दुतोंड्या मारुतीबरोबर या घंटेचंही नाव येतं. पाणी घंटेला टेकलं म्हणजे पूर मोठा, हा नाशिककरांचा जुना हिशेब. तेच पाणी पुढे जायकवाडी ओलांडून आपल्या गेवराई तालुक्यात राक्षसभुवनला येतं.

मंदिर बांधलं १७४७ मध्ये. घंटेवर साल आहे १७२१. म्हणजे घंटा मंदिरापेक्षा २६ वर्षांनी मोठी आहे आणि ती मंदिरासाठी ओतलेलीच नव्हती. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर अशीच एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. भीमाशंकरच्या घंटेवर क्रॉस आहे. पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळातही याच जातीची घंटा आहे.

दर काही महिन्यांनी या घंटांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात. खाली मजकूर ठरलेला असतो: चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि चर्चच्या घंटा हत्तीवरून आणल्या. हत्तीचं सोडा, बाकी मूळ गोष्ट खरी आहे. पण ती तिथेच थांबते. घंटा जिथून निघाली त्या चर्चचं आणि त्या चर्चला जाणाऱ्या माणसांचं पुढे काय झालं, हे त्या मेसेजमध्ये कधी नसतं. ते समजून घेऊ.

वसईत चर्च आलं कधी?

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तह करून वसई आणि आजूबाजूचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. मुघल बादशाह हुमायून अंगावर येत होता, त्यामुळे बहादूरशाहाला समुद्राकडून मदत हवी होती. पोर्तुगिजांना बंदर हवं होतं. व्यवहार झाला आणि तिथून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षं, वसई पोर्तुगिजांकडे राहिली. गोव्याच्या उत्तरेकडचा त्यांचा सगळा कारभार इथून चाले.

सैन्यामागून पाद्री आले. फ्रान्सिस्कन, जेज्विट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा संघांनी किल्ल्यात आपापली चर्च आणि मठ बांधले. या सगळ्यांत मानाचं होतं संत जोसेफ यांचं चर्च. ते १५४६ च्या सुमाराचं. त्याच्या दर्शनी भागावर एक कोरीव लेख आहे: १६०१ साली, आलेशो द मेनेझिस आर्चबिशप असताना आणि पेद्रो गाल्व्हाव परेरा इथले मुख्य धर्मगुरू असताना, हे चर्च नव्याने बांधलं.

त्या लेखात चर्चसाठी शब्द वापरलाय 'मात्रिझ'. गाइड लोक आणि बरेचसे यूट्यूबर या इमारतीला 'कॅथीड्रल' म्हणतात. कॅथीड्रल म्हणजे बिशपचं आसन असलेलं चर्च. पोर्तुगीज काळात वसईला स्वतंत्र बिशप कधीच नव्हता. सगळा कारभार गोव्याच्या आर्चबिशपकडे होता. मात्रिझ म्हणजे आई-चर्च, गावातलं पहिलं आणि मुख्य पॅरिश चर्च.

पॅरिश म्हणजे नेमकं काय?

बीडच्या वाचकाला हा शब्द थोडा लांबचा वाटेल, कारण पोर्तुगीज सत्ता घाट चढून आपल्याकडे कधी आलीच नाही. आपला भाग आधी अहमदनगरच्या निजामशाहीत होता, मग मुघलांकडे आणि शेवटी हैदराबादच्या निजामाकडे गेला. मराठवाड्यात कॅथलिक मंडळी आहेत, १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत झाल्यापासून बीड जिल्हा त्यात येतो, पण चारशे वर्षांचं दगडी चर्च आपल्याकडे नाही.

कॅथलिक व्यवस्थेत बिशपच्या हाताखालच्या मोठ्या भागाला धर्मप्रांत म्हणतात आणि त्याच्या सर्वांत खालच्या एककाला पॅरिश. वसईतले लोक पॅरिशला मराठीत 'धर्मग्राम' म्हणतात आणि तिथल्या माणसांना 'धर्मग्रामस्थ'. मला हा अनुवाद मूळ शब्दापेक्षा चांगला वाटतो, कारण पॅरिश ही इमारत नाही. ती एक हद्द आहे आणि त्या हद्दीत राहणारी माणसं आहेत. इमारत त्या माणसांची.

या धर्मग्रामाचं कामकाज बरंचसं ग्रामपंचायतीसारखं चालतं. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक पॅरिशला स्नानसंस्कार आणि लग्नाच्या नोंदवह्या ठेवणं बंधनकारक केलं. पुढे मृत्यूची नोंदही आली. कोण जन्मलं, आईबाप कोण, धर्माचे आईबाप म्हणून कोण उभे राहिले, कुणाचं लग्न कुणाशी झालं, सगळं वहीत. आपल्याकडे जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू होण्याच्या कितीतरी आधीची ही पद्धत आहे.

आणि या सगळ्याला वेळ लावून देणारी वस्तू म्हणजे घंटा. पहाटे, दुपारी आणि सांजेला प्रार्थनेची घंटा. मिस्सेला बोलावणारी वेगळी. गावात कुणी गेलं की थांबून थांबून पडणारे टोल. घड्याळ घरोघरी नव्हतं तेव्हा शेतातला माणूस घंटेवरून दिवस मोजायचा. नवी घंटा आली की बिशप ती पवित्र पाण्याने धुऊन, तेल लावून आशीर्वाद देई आणि तिला एखाद्या संताचं नाव ठेवत. थोडक्यात, घंटेचं बारसं होई.

लोक ख्रिस्ती झाले कसे?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. पोर्तुगीज राजवटीत धर्म आणि सत्ता वेगळ्या नव्हत्या. देवळं पाडली गेली, हिंदूंच्या जाहीर विधींवर बंदी आली, ख्रिस्ती झालेल्यांना सवलती मिळाल्या, अनाथ मुलांना मिशनऱ्यांच्या ताब्यात देण्याचे कायदे झाले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसलं. ते मधल्या खंडासह १८१२ पर्यंत चाललं आणि त्याची दहशत वसईपर्यंत होती. काही जण मनापासून ख्रिस्ती झाले, काही फायद्यासाठी, काही जबरदस्तीने. साडेचारशे वर्षांनी कुठलं घर कुठल्या कारणाने गेलं हे वेगळं काढता येत नाही.

याच मातीत गोन्सालो गार्सिया जन्मले. वडील पोर्तुगीज सैनिक, आई वसईची. किल्ल्यातल्या जेज्विटांकडे शिकले, तरुणपणी जपानला गेले, व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले आणि जपानी भाषा येत असल्यामुळे दुभाषी म्हणून परत जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रूसावर ठार करण्यात आलं, त्यात ते होते. १८६२ मध्ये पोपने त्यांना संत घोषित केलं. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. हे वसईबाहेर फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक आहे, याचं मला नवल वाटतं.

१७३९ मध्ये काय झालं?

मराठ्यांची मोहीम १७३७ मध्ये साष्टीपासून सुरू झाली. ठाणं पडलं, मग एकेक ठिकाण. वसईच्या किल्ल्याला शेवटचा वेढा फेब्रुवारी १७३९ मध्ये बसला. नेतृत्व बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांचं, सोबत मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे.

किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी आणि दलदल असल्यामुळे हल्ला करायला जमिनीकडची एकच बाजू होती. तिथे मराठ्यांनी तटाखाली सुरुंग खणले. खाणकामाचा हा प्रकार दोन्ही बाजूंना भयंकर महाग पडला. सुरुंग चुकीच्या वेळी उडाले की स्वतःचीच माणसं मरत. मराठ्यांचे हजारो लोक पडले. 'किल्ला हाती येत नसेल तर माझं डोकं तरी तोफेने आत उडवा' हे चिमाजी अप्पांच्या तोंडचं वाक्य दंतकथा म्हणूनच घ्यावं, पण वेढा किती जिवावर आला होता हे त्यातून कळतं. मे महिन्यात बुरूज फुटला आणि पोर्तुगिजांनी पांढरं निशाण दाखवलं. वज्रेश्वरीचं मंदिर हे याच मोहिमेत चिमाजी अप्पांनी केलेल्या नवसाचं.

तहाच्या अटी वाचल्या की आश्चर्य वाटतं. पोर्तुगीज शिबंदीला मानाने, शस्त्रांसह बाहेर पडू दिलं. ज्यांना जायचं त्यांना जंगम मालमत्ता घेऊन जायला मुभा मिळाली. आणि जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक. दोनशे वर्षं समोरच्याने ज्या अटी स्वतः कधी दिल्या नव्हत्या, त्या त्याला दिल्या गेल्या.

घंटा मात्र विजयाची खूण म्हणून निघाल्या.

वितळवल्या का नाहीत?

इंजिनिअरिंग केलेलं असल्यामुळे मला सगळ्यात आधी हाच प्रश्न पडला. चर्चची घंटा काशाची असते, साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. तोफही त्याच दोन धातूंची ओतत, फक्त कथील कमी, दहा टक्क्यांच्या आसपास. कथील वाढलं की धातू कडक होतो, नाद लांबतो, पण तो ठिसूळही होतो. म्हणून घंटा वाजते छान, पण पडली तर तडकते. तोफेला उलट हवं: दणका सोसणारा धातू. घंटेत थोडं जास्तीचं तांबं मिसळलं की तोफेचा माल तयार. युरोपात युद्धकाळात चर्चच्या घंटा उतरवून तोफा ओतणं ही अगदी नेहमीची गोष्ट होती. कोकणात तांबं-कथील दोन्ही बाहेरून यायचं, म्हणजे भाव चांगला होता. तोफांची गरजही होती.

तरी या घंटा वितळल्या नाहीत. त्यांवरचे क्रॉस, मारियेची चित्रं, रोमन लिपीतली अक्षरं तासून काढली नाहीत. तशाच्या तशा देवापुढे टांगल्या. जिंकलेली वस्तू ओळखू यावी, हा हेतू त्यात असणारच. पण दुसऱ्याच्या देवाच्या दारची वस्तू आपल्या देवाच्या दारातच शोभेल, हेही कुणाला तरी वाटलं असावं. हा माझा अंदाज, कागदावर असं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

यात घंटेचं काम मात्र बदललं. चर्चची घंटा उंच मनोऱ्यात असते आणि ती दोर ओढून एकजण वाजवतो, सगळ्या गावासाठी. देवळाची घंटा हाताशी असते आणि येणारा प्रत्येक जण स्वतः वाजवतो, 'देवा, मी आलोय' हे सांगायला. मेणवलीची घंटा तर बहुधा दोनदा हलली असणार, कारण वसई पडली तेव्हा नाना फडणवीसांचा जन्मही झाला नव्हता; त्यांचा जन्म १७४२ चा. आधी कुठेतरी राहून ती मग कृष्णाकाठी आली. नारोशंकराची घंटा इतकी प्रसिद्ध झाली की मराठी बोलण्यातच शिरली.

घंटा गेल्या, लोकांचं काय झालं?

युरोपीय पाद्री पोर्तुगिजांबरोबर निघून गेले. किल्ल्यातली चर्च रिकामी पडली. भिंती दगड-चुन्याच्या असल्यामुळे टिकल्या, छपरं लाकडाची असल्यामुळे गेली. संत जोसेफचा घंटेचा मनोरा आजही उभा आहे, आत उभं राहून वर पाहिलं तर आभाळ दिसतं. पुढे इंग्रजांच्या काळात तर किल्ल्याची जागा भाड्याने देऊन आत उसाची लागवड आणि साखरेचा उद्योगही करून पाहण्यात आला. आपल्या ऊसपट्ट्यातल्या वाचकांनी याची नोंद घ्यावी.

पण किल्ला म्हणजे वसई नव्हे. पोर्तुगीज सरदार, सैनिक, व्यापारी किल्ल्यात होते. शेतकरी, बागायतदार आणि कोळी बाहेर, गावांत होते. ते कुठे जाणार? ते राहिले. किल्ल्याला लागूनच असलेल्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यात, आणि पापडी, रमेदी, सांडोर, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, माणिकपूर या गावांत. त्यांच्यासाठी गोव्याहून देशी धर्मगुरू येत राहिले. पेशव्यांच्या मुलखात, गोव्याच्या पोर्तुगीज आर्चबिशपने नेमलेले, कोकणी-मराठी बोलणारे धर्मगुरू. आजच्या राजकीय चष्म्यातून हे चित्र कुठल्याच खणात बसत नाही.

याच घराण्याने पुढे पुण्यात काय केलं तेही सांगायला हवं. १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातल्या ख्रिस्ती शिपायांसाठी चर्च बांधायला जागा दिली. क्वार्टर गेटचं सिटी चर्च ते हेच, पुण्यातलं सर्वांत जुनं. वसई जिंकणारे चिमाजी अप्पा हे सवाई माधवरावांचे चुलतपणजोबा लागतात.

वसई १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेली. चर्चच्या कारभारात मात्र बराच काळ ओढाताण चालली. इथली नेमणूक पोर्तुगालच्या राजाच्या जुन्या हक्काने गोव्यातून व्हायची की थेट रोममधून, हा तो वाद. १८८६ मध्ये दमण धर्मप्रांत झाला, वसई त्यात गेली. १९२८ मध्ये ती मुंबईला जोडली. २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि थॉमस डाबरे पहिले बिशप झाले. कॅथीड्रलचा मान मिळाला पापडीच्या कृपामातेच्या चर्चला. वसईला बिशप मिळाला तेव्हा पोर्तुगीज जाऊन २५९ वर्षं झाली होती.

चालीरीती कुणाच्या?

वसईतल्या ख्रिस्ती समाजाला एकाच नावाने हाक मारता येत नाही. सामवेदी आहेत, वाडवळ आहेत, कोळी आहेत. प्रत्येकाची बोली वेगळी, लग्नाची गाणी वेगळी, बायकांच्या लुगड्याची तऱ्हा वेगळी. सामवेदी ख्रिस्ती स्वतःला 'कुपारी' म्हणवतात. हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून आल्याचं सांगतात. मुलाच्या स्नानसंस्काराला धर्मपिता म्हणून जो उभा राहतो, तो त्या मुलाच्या बापाचा कोंपाद्रे. चर्चच्या वहीतलं एक नातं अख्ख्या समाजाचं नाव झालं.

हॉस्टेलवर वसईचा एक मित्र होता. तो फोनवर आईशी बोलू लागला की आम्ही बीड-परभणीची पोरं कान टवकारायचो. शब्द मराठी वाटायचे, वाक्य संपेपर्यंत हातून निसटायचं. ती सामवेदी बोली, तिला कादोडीही म्हणतात. पोर्तुगिजांनी दिलेल्या शब्दांबद्दल त्याला चिडवायला गेलो तर त्याने मोजून दाखवलं: पाव, बटाटा, चावी, पगार, घमेलं. बीडच्या कुठल्याही बांधकामावर घमेलं उचलणारा माणूस पोर्तुगीज शब्द उचलतोय, एवढं त्या दिवशी कळलं.

धर्मग्रामाचं वर्ष सणांनी बांधलेलं आहे. प्रत्येक चर्च एका संताला किंवा मारियेच्या एका रूपाला वाहिलेलं असतं. त्या दिवशी गावाचा सण, त्याआधी नऊ दिवसांची नोव्हेना. मिस्सा, मिरवणूक, बॅंड, बाहेर जत्रा आणि घरात पाहुणे. आपल्या गावच्या यात्रेला नोकरीवरची पोरं जशी सुट्टी काढून येतात, तसंच.

राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. त्यात लग्न, नाचगाणं नाही. झावळ्यांच्या रविवारी हातात झावळ्या घेऊन मिरवणूक. आणि मग पवित्र आठवड्यातली एक पद्धत, जी या लेखाच्या विषयाला फार जवळची आहे. गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सेनंतर ईस्टरच्या रात्रीपर्यंत चर्चच्या घंटा मुक्या ठेवतात. येशूच्या मृत्यूचा शोक. या काळात गरज पडली तर लाकडाच्या पट्ट्या आपटून आवाज करण्याची जुनी पद्धत आहे. शनिवारी रात्री गौरवगीत सुरू झालं की सगळ्या घंटा एकदम वाजतात.

२ नोव्हेंबरला दफनभूमीत कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात. नाताळात गावोगावी गोठ्यांचे देखावे होतात, त्यांच्या स्पर्धा लागतात, ते पाहायला सर्व धर्मांची माणसं रात्री बाहेर पडतात. गणपतीतले देखावे पाहत फिरण्याची आपली सवय आणि ही सवय यांत मला तरी फरक दिसत नाही.

मराठी टिकली कशी?

चर्च आणि मराठीचं नातं जुनं आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विटाने ओवीत रचलेलं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. मात्र चर्चमधली मुख्य उपासना तेव्हाही लॅटिनमध्येच होती, आणि ती पुढची साडेतीनशे वर्षं तशीच राहिली. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर जगभरातल्या चर्चना आपापल्या भाषेत मिस्सा करायची परवानगी मिळाली. मुंबई शहरातली बरीच चर्च इंग्रजीकडे गेली. वसईने मराठी घेतली. धर्मग्राम, धर्मगुरू, धर्मभगिनी, स्नानसंस्कार हे शब्द इथे रोजच्या वापरात रुळले. 'सुवार्ता' हे मराठी मासिक तर परिषदेच्याही आधी, १९५५ मध्ये सुरू झालं होतं.

या 'सुवार्ता'चे दीर्घकाळ संपादक होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. जन्म १९४२, गाव नंदाखाल. आपल्या शेजारच्या उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, जानेवारी २०२० मध्ये झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. बीडमधून अनेक जण त्या संमेलनाला गेले होते. निवड जाहीर झाल्यावर ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला. उद्घाटक ना. धों. महानोर यांनीही येऊ नये म्हणून त्यांच्यावर दबाव आला. महानोर आले. दिब्रिटो पाठीच्या दुखण्याने बेजार असूनही आले. गोरोबाकाकांच्या नावाच्या नगरीत, तुळजाभवानीच्या जिल्ह्यात, वसईचा पाद्री मराठीत बोलला आणि मांडव भरलेला होता.

'तुम्ही मराठी कसे?' हा प्रश्न त्यांना विचारणाऱ्यांनी घंटांचा तोच मेसेज फॉरवर्ड केला असण्याची शक्यता बरीच आहे. त्या मेसेजमध्ये वसई मराठ्यांनी जिंकली, एवढंच असतं. जिंकलेल्या मुलखातली माणसं त्यानंतर मराठी राज्याची रयत झाली, हे नसतं.

दिब्रिटो बायबलच्या मराठी अनुवादामुळे, 'सुबोध बायबल'मुळे, साहित्य अकादमीचे मानकरी ठरले होते. पण वसईत त्यांची ओळख आणखी एक होती: हरित वसईची चळवळ. १९९० च्या आगेमागे वसईच्या बागायती जमिनीवर बिल्डरांची नजर पडली तेव्हा ते लोकांना घेऊन रस्त्यावर उतरले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं.

आता काय स्थिती आहे?

वसईचा प्रश्न आता घंटांचा नाही, जमिनीचा आहे. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली आणि २९ गावांनी 'आम्हाला महापालिका नको' म्हणून लढा दिला, तो वर्षानुवर्षं कोर्टात चालला. या गावांतल्या बऱ्याच ठिकाणी पानवेली, फुलं, भाजी आणि केळीच्या बागा होत्या. वसईची सुकेळी, म्हणजे राजेळी केळ्यांची वाळवलेली केळी, अजून मिळतात, पण शोधावी लागतात. धर्मग्राम हा शब्द गाव धरून आहे. शेती विकून इमारत उभी राहिली, मुलं इंग्रजी शाळेत गेली, नोकरी मुंबईत किंवा परदेशात लागली, की मिस्सेची भाषा, घरातली बोली आणि लग्नातली गाणी यांवर त्याचा परिणाम होतोच. सामवेदी आणि वाडवळी बोलीत लिहिणारे, गाणी जमवणारे, व्हिडिओ करणारे तरुण गेल्या काही वर्षांत वाढले आहेत, ते याच काळजीतून.

किल्ला आज केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्थानकावरून बस किंवा रिक्षाने जाता येतं. संत जोसेफ चर्चच्या दर्शनी भागावरचा १६०१ चा लेख मान वर करून शोधावा लागतो. त्याच किल्ल्यात जेज्विटांचं जुनं चर्च आहे. दरवर्षी गोन्सालो गार्सियांचा सण आला की धर्मग्रामस्थ तिथे जमतात आणि मिस्सा होते. मराठीत.